भट्टीच्या रानातला पिंपळ

तिसऱ्या पिंपळाचं शेंड्याचं पान भुजंगने दोन बोटांत धरलं आणि त्याचा चुरा झाला.

“आता तरी पटलं का तात्या?” मागे उभा असलेला चंद्रभान म्हणाला. “पयलं रोप गेलं, म्हनलं ऊन लागलं. दुसरं गेलं, म्हनलं शेळीनं तोंड लावलं आसंल. हे तर दसऱ्याला लावलं. पाऊसपानी मस्त, भवताली काट्या लावल्या, तरी वाळायलंय. पिंपळ हाय का कोथमीर? मपल्या मामाच्या भितीतला पिंपळ चारदा तोडला तरी फुटायलाय. रुळाकडल्या आळीतलं कुनीतरी मिठाचं पानी वतायलंय, दुसरं काई न्हाई.”

“कुनी बघितलं का?”

“बघायला कशाला पायजे? आपला बोधिवृक्ष हाय म्हनून त्यांच्या पोटात दुखायलंय. पुढल्या आयतवारी बैठक हाय. ठराव करू आन जाऊ विचारायला. आन हात हालवत न्हाई जायचं, पहारी घिऊन जायचं.”

चंद्रभान तावातावाने निघून गेला. भुजंग तिथेच उकिडवा बसून राहिला. मीठ कुणी टाकलं असतं तर मातीवर पांढरी बुरशी फुलल्यासारखी दिसली असती, एवढं त्याला कळत होतं. बोटाला थुंकी लावून त्याने मातीची चिमूट चाखली. ती खारट नव्हती. मग त्याला एकाएकी काहीतरी आठवलं आणि त्याने ती घाईघाईने थुंकून टाकली.

या चार एकराला सगळं शहर भट्टीचं रान म्हणायचं. रेल्वेच्या रुळांना लागून ही जागा. कधीकाळी इथे ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवत. मालक कुठला तरी लांबचा होता. एक दिवस भट्टी विझली, पत्रे विकले गेले आणि मागे नुसती जमीन उरली. सरकारजमा होऊन दहा वर्षं ती तशीच पडून होती. शहरात एवढी मोक्याची जागा मोकळी राहते आणि तिच्यावर कुणाचा डोळा जात नाही, याचं तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. पण ज्यांना आजवर कुणी बूड टेकायला जागा दिली नाही, ती माणसं जागा मिळाल्यावर शंका काढत बसत नाहीत.

अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत खेड्यांतून निघालेली बेचाळीस बौद्ध कुटुंबं इथे-तिथे भाड्याने, कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या ओसरीत दिवस काढत होती. रंगनाथ गुरुजींनी त्यांची संस्था काढली, खेटे घालून घालून चपला झिजवल्या आणि भट्टीचं रान संस्थेच्या नावावर करून घेतलं. नामांतराचा ठराव होऊन नऊ वर्षं उलटली होती. विद्यापीठाला नाव काही लागलं नव्हतं, पण या बेचाळीस माणसांची नावं एका सरकारी कागदाला लागली होती. त्याचं अप्रूप दुसऱ्याला सांगून कळायचं नाही.

आणि त्या सगळ्यात भुजंगचा हात होता. म्हणूनच तो आता असा बसला होता.

भुजंग खिल्लारे माती तपासणीच्या प्रयोगशाळेत परिचर होता. बावीस वर्षं त्याने एकच काम केलं. शेतकऱ्यांनी पिशव्यांतून आणलेली माती सावलीत वाळवायची, लाकडी मोगरीने कुटायची, चाळायची आणि साहेबांच्या टेबलावर ठेवायची. कुठे साहेब म्हणतील तिथे जाऊन नमुना घ्यायचा. मातीचा वास घेऊन तो गाव सांगायचा. ही ताडकळसकडची, ही झरीची, ही नदीकाठची. साहेब हसायचे आणि पिशवीवरची चिठ्ठी वाचून गप्प व्हायचे. कार्डावर सामू, क्षार, कर्ब, स्फुरद, पालाश असे रकाने असत आणि सगळ्यात खाली शेरा. शेरा लिहायचा मान साहेबांचा. भुजंगने बावीस वर्षांत कार्डावर फक्त शिक्का मारला.

दोन वर्षांपूर्वी गुरुजी त्याला म्हणाले होते, “भुजंगराव, तुमी आपले मातीतले मानूस. जागा घ्यायच्या आधी एकदा तपासून द्या. लोकाला भरवसा येतो.”

त्याने नमुना घेतला, आणि अगदी जीव लावून घेतला. नागमोडी चालत दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे, कडेची माती खरवडून गोणपाटावर एकत्र, तिचे चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, पुन्हा चार भाग, शेवटी अर्धा किलो उरेपर्यंत. आणि नियम असा, की बांध, खताचा ढीग, झाडाखालची जागा, राखेची जागा, जिथे काही उगवत नाही अशी वेगळी दिसणारी जागा सोडून द्यायची, नाहीतर नमुना बिघडतो. भट्टीच्या रानात अशा बऱ्याच जागा होत्या. काळ्याकरड्या, टक्कल पडल्यासारख्या. भुजंग त्या प्रत्येक जागेला वळसा घालून गेला होता. एवढं नेमाने त्याने आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं.

कार्ड उत्तम आलं. शेऱ्यात साहेबांनी लिहिलं, ‘जमीन मध्यम ते चांगली, पिकास योग्य.’ गुरुजींनी त्याला काच बसवून ते विहाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये टांगलं. येणारा-जाणारा ते वाचायचा आणि म्हणायचा, आपला मानूस होता म्हनून झालं.

भुजंग उठला आणि कुंपणाकडच्या कडुनिंबाखाली गेला. त्या रानात जुनं म्हणावं असं ते एवढंच झाड. त्याच्याखाली पायाला मऊ लागलं म्हणून त्याने वाकून पाहिलं. पाल्याचा थर होता. वरचा यंदाचा. त्याखाली गेल्या वर्षीचा, त्याखाली त्याच्याही आधीचा, करकरीत, रद्दीच्या गठ्ठ्यासारखा. चांगल्या जमिनीत एक पावसाळा गेला की पाल्याची माती होते. इथे तीन-तीन पावसाळे पिऊन पाला जसाच्या तसा होता. त्याने खुरपं काढून हातभर खणलं. एक गांडूळ नाही, वाळवी नाही, मुंगीचं बीळ नाही. पाल्याची माती करणारं त्या जमिनीत कुणी जिवंतच नव्हतं, आणि हे कळायला त्याला दोन वर्षं लागली होती. कार्डात पालाश भरपूर, म्हणे. त्याला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने मुळे साहेबांना गाठलं. मुळे साहेब भला माणूस. परिचराला खुर्ची देणारा.

“साहेब, मातीत शिसं हाय का, ते बघता येईल का?”

“शिसं?” साहेबांनी चष्मा वर केला. “खिल्लारे, आपल्या कार्डात शिशाचा रकाना कुठे आहे? त्याला यंत्र लागतं. पुण्या-मुंबईला असेल कुठे.”

“मंग पाठवा ना साहेब.”

“पाठवतो. पण कशाच्या नावाने? शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, पीक, सगळं लिहावं लागतं. पीक काय लिहू?”

“घरं हायत तितं.”

“घराला खत लागत नाही, खिल्लारे,” साहेब म्हणाले. त्यांनी चेष्टा केली नव्हती. खरंच अडचण होती. “त्या जागेचा नमुना तर तुम्हीच घेतला होता ना?”

“व्हय. उघड्या जागा सोडून.”

“मग बरोबरच घेतलात. नियमाने.”

एखाद्याने शिवी दिली असती तर भुजंगला एवढी लागली नसती. नियमाने. तो मागच्या खोलीत जाऊन दुपारभर माती कुटत बसला आणि नको तेवढी बारीक करून बसला.

घरी जाऊन त्याने वनस्पती तुपाचे दोन रिकामे डबे घेतले. एकात आपल्या परसातली माती भरली, दुसऱ्यात पिंपळाच्या आळ्यातली. दोन्हींत चिमूटभर मेथी टाकली, दोन्हींना एकाच तांब्यातून पाणी घातलं. त्याला दुसरी तपासणी येत नव्हती. आठव्या दिवशी परसातल्या मातीत मेथी बोटभर झाली. दुसऱ्यात चार काड्या उभ्या होत्या, पिवळ्या. एक उपटून पाहिली तर मूळ नखाएवढं, बोथट आणि टोकाला काळं.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी तो सरजाबाईकडे गेला. सरजाबाई त्याची थोरली बहीण. नवरा दंगलीच्या धक्क्याने वर्षभरात गेला, घर तर त्याच दिवशी जळालं होतं. आता भट्टीच्या रानात सतरा नंबरचं घर तिचं. भिंती तिने स्वतः थापल्या होत्या, त्याच मातीच्या. सून तानू चुलीपाशी बसली होती. तिला पाचवा महिना होता. बोलता बोलता तिने चुलीमागच्या भिंतीचा पोपडा नखाने काढला आणि तोंडात टाकला.

“तानू, थुक ते!” भुजंग एवढ्या जोरात ओरडला की पोरगी दचकून उभी राहिली.

“का वरडायलास रं लेकराला?” सरजाबाई म्हणाली. “डोहाळे हायत. माती खावी वाटायलीय तिला, खाऊ दे. म्या बी खाल्ली. तुपल्या येळी मायनं टोपलंभर खाल्ली. मातीनं कुनी मरतं का?”

“ही माती चांगली न्हाई अक्का.”

“मंग चांगली म्हनून कारड कामून दिलं?”

तानू ओठावरची माती पदराने पुसत त्याच्याकडे बघत होती. घास हिसकावून घेतल्यावर लेकरं बघतात, तशी. सासरचा मामा असा का खेकसतो, हे तिला कळेना. भुजंग चहा न घेताच उठला.

रविवारी बैठकीला शेड भरून गेली. कोपऱ्यात चार पहारी आणि काठ्या रांगेत लावलेल्या होत्या. गुरुजींनी वंदना घेतली, विषय मांडला आणि आवाज चढायला लागले. रुळाकडच्या आळीची जुनी सगळी प्रकरणं निघाली. त्यांतली बरीच खरी होती, हीच तर पंचाईत होती. ज्यांनी उभं गाव जळताना पाहिलं, त्यांना झाड कुणीतरी मारलं हे पटवावं लागत नाही. झाड आपोआप मेलं, हे पटवावं लागतं.

भुजंग दोन डबे घेऊन पुढे आला.

“आळीतल्या कुनी काई केलं न्हाई,” तो म्हणाला. “केलं आसंल तर म्या केलं.”

त्याने सगळं सांगितलं. बॅटऱ्या, शिसं, न कुजणारा पाला, गांडुळं नसलेली माती. नमुना घेताना तो कुठून कुठून वळसा घालून गेला, तेही सांगितलं. बोलायची सवय नव्हती, त्यामुळे मध्येच अडायचा, पुन्हा मागे जायचा. शेवटी मेथीचे डबे फिरवले. माणसं एक डबा बघायची, दुसरा बघायची आणि शेजाऱ्याच्या हातात द्यायची.

“म्हंजी आळीवाल्यांचं काईच न्हाई? तुमीच फसवलं आमाला?” चंद्रभान म्हणाला.

“व्हय.”

गुरुजी भिंतीवरच्या कार्डाखाली उभे होते. “भुजंगराव, ह्या कार्डावर सरकारी शिक्का हाय. तुमच्या डब्यावर शिक्का कुठं हाय? उद्या ही गोष्ट बाहेर गेली की जागा वापस घेतील आन दुसरी देनार न्हाईत. मंग ह्या बेचाळीस घरांनी कुठं जावं, ते बी सांगा.”

“गुरुजी, निदान भाजीपाला लावू नका. लेकरं मातीत खेळू देऊ नका.”

“मातीची घरं, मातीची जमीन. लेकरं काय माळवदावर टांगून ठेवायची?”

कुणीतरी हसलं. ते हसणं भुजंगच्या काळजात रुतलं. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की मी तुमचा वैरी नाही. पण चूक त्याचीच होती आणि आता खरं सांगून तो दुसरीही करत होता. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून सरजाबाई उठली.

“भुजंगा, खोटं बोलनाऱ्यातला न्हाईस तू. माती वंगाळ आसंल. पर मला येक सांग. आपल्या गावची माती कशी व्हती?”

“चांगली व्हती अक्का. काळी, लय खोल.”

“सोनं व्हती. आन मानसं कशी निघाली? तितं माती चांगली व्हती तरी आमाला ऱ्हाऊ दिलं न्हाई. हितं माती वंगाळ हाय, पर सकाळी दार उघडलं की शेजारी कोन हाय ते मला ठाव हाय. म्या न्हाई जानार हितून. तुपल्याच्यानं काई करता येत आसंल तर कर. न्हाई तर गप घरी जा.”

ती खाली बसली. आळीवर जायचा विषय निघाला नाही. सोडून जायचाही निघाला नाही. पिवळ्या मेथीचा डबा फिरत फिरत चंद्रभानपाशी आला होता. तो बराच वेळ त्यात बघत होता.

“मंग झाड कुठं लावायचं?” त्याने विचारलं.

“पिंपात,” भुजंग म्हणाला.

पुढच्या रविवारपासून भुजंगची सायकल झरीच्या वाटेला लागली. तिथे दत्तराव नावाचा शेतकरी ओळखीचा होता. “खिल्लारे, लोक तुमच्याकडं माती आनतेत आन तुमी माझ्याकडून न्यायलाव,” असं म्हणून तो हसला, पण हवी तेवढी न्या म्हणाला. सायकलच्या मागे एका खेपेला एक पोतं बसे. पहिली सहा पोती लोखंडी पिंपात गेली आणि त्यात चौथा पिंपळ लागला. चार एकरांवर पोतं कुठवर पुरणार, हा हिशेब भुजंगने एकदाच केला आणि नंतर करायचं सोडून दिलं.

सातव्या पोत्याने त्याने अक्काची चूल मोडून नवी घातली, चुलीमागची भिंत खरवडून पुन्हा लिंपली. जाताना त्याने तानूच्या हातात एक छोटी कापडी पिशवी दिली. प्रयोगशाळेच्या चाळणीने चाळून भाजलेली झरीची माती होती. सवयीने त्याने आत चिठ्ठीही टाकली होती. नावाच्या जागी तानू लिहिलं होतं, पिकाची जागा कोरी होती.

“खायची वाटली तर ही खा, माय,” तो म्हणाला. पण चार महिने तिने दुसरीच खाल्ली होती, आणि त्याचं काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला नामविस्ताराची बातमी आली. सोळा वर्षांनी का होईना, विद्यापीठाला नाव लागलं. भट्टीच्या रानात संध्याकाळी घरोघरी पणत्या लागल्या, पेढे वाटले. पिंपळाभोवतीही पणत्यांचा गोल केला होता. झाड आता माणसाहून उंच होतं, पण पिंपातच होतं. पानं रुपयाएवढीच राहिली होती. नवे पाहुणे विचारायचे, हे खाली का लावत नाही? आणि बघू पुढे, असं कुणीतरी म्हणायचं.

भुजंग निवृत्तीला आला होता. शिशाचा रकाना कार्डावर आला नव्हता. पणत्या बघत तो पिंपाशी वाकला आणि त्याला दिसलं, गंजून पिंपाचा तळ एका बाजूने फुटला होता. त्यातून करंगळीएवढं मूळ बाहेर येऊन जमिनीला लागलं होतं. टोक काळं पडलेलं.

“तात्या, समदे पेढे खायलेत, तुमी काय करायलाव?” चंद्रभानने विचारलं.

“येक फरशी पायजे. शहाबादी. याच्याखाली सरकवायची.”

चंद्रभानने खाली वाकून पाहिलं. मग पेढ्याचं ताट कुणाच्या तरी हातात देऊन तो शेडमध्ये गेला आणि फरशी नि पहार घेऊन आला. त्याने पहारीने पिंपाची कड तोलून धरली. भुजंगने मूळ हळूच दुमडून आत सारलं, आणि तळ आणि जमीन यांच्यामध्ये फरशी ढकलायला सुरुवात केली. फरशी जड होती, इंचाइंचाने जात होती.

शेजारी तानूची करुणा नवं परकर-पोलकं घालून पणत्या मोजत होती. तिला सहावं सरत होतं. शाळेतल्या बाई म्हणत, पोरगी गुणी आहे पण डोक्यात राहत नाही. डॉक्टर म्हणत, काही मुलं असतात अशी. कशाने, ते कुणी लिहून दिलं नव्हतं, आणि भुजंगने कुणाला विचारायचं धाडस केलं नव्हतं.

“आठ, नऊ, धा,” करुणा म्हणाली आणि थांबली. पुढे अजून बऱ्याच पणत्या होत्या. तिने भुजंगआजोबांकडे पाहिलं, हसली, आणि पहिल्या पणतीपाशी जाऊन पुन्हा एकपासून मोजू लागली. भुजंगने फरशीला खांदा लावला.